पोस्टरवरची सहा वर्षं

१२ फेब्रुवारी

दादा,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहायला बसले. आज अकरावा दिवस. वहिनी उचलते, "ते कामात आहेत" म्हणते, आणि मागे तुझ्या मशीनचा आवाज चालू असतो. फोनवर मी आहे हे कळलं की तो आवाज वाढतो, हेही माझ्या लक्षात आलंय.

तू पोस्टर पाहिलंस. ड्रेसिंगला दवाखान्यात गेलास तेव्हा पाहिलंस की बस थांब्यावर, मला माहीत नाही. मी तुला आधी सांगणार होते. छापून आलं की एक प्रत घेऊन स्वतः यायचं ठरवलं होतं. पण गठ्ठे आले आणि त्याच दुपारी गाड्या भरून वाटायला निघाले. सरकारी काम एरवी महिनोन्महिने जागचं हलत नाही, नेमकं याच वेळी त्याला पाय फुटले. बघ, काय शब्द आला हातून. खोडत नाही. खोडलं तरी तू उजेडात धरून वाचशील.

चेहरा दिसायला नको होता, हे मला मान्य आहे. फोटोग्राफर म्हणाला होता की पुसट करू. मग साहेब म्हणाले, चेहऱ्याशिवाय लोक बघत नाहीत, नुसता कापलेला पाय म्हणजे जाहिरात वाटते. वॉर्डात तू सही केलेल्या कागदावर "प्रसिद्धीसाठी" असं छापलेलं होतं. लहान अक्षरात होतं, पण होतं.

आता चांगलं तेही ऐक. आमच्या मोठ्या दवाखान्यात शुगर तपासायला दिवसाला चाळीस माणसं यायची. गेल्या आठवड्यात एकशे दहा आली. मी स्वतः रांग पाहिली, पार गेटाबाहेर. एक बस कंडक्टर मला म्हणाला, "मॅडम, रोज सहा फेऱ्या त्या माणसासमोरून मारतो, सातव्या फेरीला उतरलो." त्याची खरंच वाढलेली निघाली. गोळ्या सुरू झाल्या. दादा, हे तुझ्यामुळे झालं. आठ वर्षं मी पत्रकं वाटली, सभागृहात भाषणं दिली, शाळांमधून मुलांच्या फेऱ्या काढल्या. एकदा तर भल्यामोठ्या साखरेच्या डब्याचा वेश घालून चौकात उभी राहिले, तेव्हा तू पोट धरून हसला होतास. त्यातल्या कशानेही एवढी माणसं आली नाहीत.

रागावू नकोस असं म्हणत नाही. फोन उचल एवढंच म्हणते.

तुझी,
धाकटी


२७ फेब्रुवारी

दादा,

रविवारी मी आले होते. वहिनीने दार अर्धं उघडलं आणि त्या अर्ध्यात स्वतः उभी राहिली. म्हणजे मी आत येऊ नये, पण शेजाऱ्यांना भांडण दिसू नये. तू आत होतास. टेबलाखाली तुझा डावा पाय पायडलवर दिसत होता. डाव्या पायाने टीप मारायची सवय होईपर्यंत शर्टाच्या कॉलरी वाकड्या येत होत्या, असं वहिनी मागे सांगत होती. आता सरळ येत असतील.

भिंगरी मात्र वहिनीच्या बगलेतून बाहेर आली. माझा हात धरून मला थेट बस थांब्यावर घेऊन गेली. "आत्या, बघ, बाबांचा फोटो! केवढा मोठा!" तिथे उभ्या असलेल्या बाईलाही तिने सांगितलं, "हे माझे बाबा आहेत." ती बाई आधी हसली, मग पोस्टरकडे पाहिलं, मग दुसरीकडे. भिंगरी अजून अक्षरं लावून वाचते. तिचं बोट "दु" वर होतं. "दु... र्ल... आत्या, हे काय आहे?" मी म्हटलं, बस आली बघ.

घरी सोडायला आले तेव्हा वहिनी दारातच म्हणाली, "काल एक गिऱ्हाईक आलं होतं. पँट दिली आणि म्हणालं, काय मास्टर, एवढं गोड आवडायचं का तुम्हाला? हे नुसते हसले. मग पँट मापायला घेतली."

मी म्हटलं, "लोकांना काय, जीभ उचलायची आणि टाळ्याला लावायची."

"लोकांचं सोडा," ती म्हणाली. "मला एक सांगा. दवाखान्याच्या कागदावर लिहिलंय, मधुमेह आत्ताच आढळला. यांना कळलं ते पाय काळा पडल्यावर. मग पोस्टरवर 'सहा वर्षं दुर्लक्ष केलं' कुठून आलं? कुणी मोजली ही सहा वर्षं?"

बोलताना ती मला "अहो" म्हणत होती. इतकी वर्षं "अगं" म्हणायची.

मी सांगितलं की पोस्टरमध्ये ढोबळ लिहितात. काहीतरी एक आकडा घ्यावा लागतो, लोकांच्या मनावर ठसायला. ती म्हणाली, "पाच लिहायचं होतं मग, दहा लिहायचं. सहा?" आणि दार लावलं.

तिचं म्हणणं बरोबर आहे, शब्द नीट निवडायला हवा होता. माझ्याकडून हलगर्जीपणा झाला. तेवढंच आहे.

धाकटी


९ मार्च

दादा,

मी साहेबांना भेटले. पोस्टर मागे घ्या म्हटलं. त्यांनी चष्मा काढला. ते चष्मा काढतात तेव्हा समोरच्याने समजून जायचं असतं.

"बाई, आपलं पोस्टर आता सगळ्या जिल्ह्यांत लावणार आहेत. वरून अभिनंदनाचं पत्र आलंय. आणि तुम्ही उतरवा म्हणता?"

"तो माझा भाऊ आहे, साहेब."

"मग तर तुम्हाला अभिमान वाटायला हवा. सही आहे ना त्यांची?"

"सही आहे. पण मी ती घेतली कशी, ते..."

"सही आहे ना?"

"आहे."

"झालं तर मग."

त्या सहीचंही आता सांगते. पहिल्या पत्रात लहान अक्षरांची गोष्ट केली, ती पळवाट होती. तुला शस्त्रक्रियेनंतरचा चौथा दिवस होता. दुखण्याचं औषध चालू होतं. मी म्हणाले, "ऑफिसच्या रेकॉर्डला फोटो लागतो रे, नर्सेसना शिकवायला." तू माझ्याच पर्समधलं पेन घेतलंस. वाचलं नाहीस. "तू वाचलंस ना? मग झालं," म्हणालास. तुझ्यापाशी आणि साहेबांपाशी एकच वाक्य होतं, पण तुझ्या तोंडी ते मला जास्त लागलं.

साहेबांनी ऐकलं नाही म्हणून शनिवारी सकाळी मी बादली, ब्रश आणि पत्र्याची खरवडणी घेऊन तुमच्या भागात आले. तुझ्या गल्लीच्या तोंडापासून बाजारापर्यंत नऊ पोस्टरं आहेत. सात काढली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "अहो बाई, ते सरकारी आहे." मी म्हटलं, "मीपण सरकारीच आहे." ते बिचारे पुढे निघून गेले.

बस थांब्यावरचं निघेना. खळ पक्की होती. खालचा भाग सोलून निघाला, पाय आणि वाक्य दोन्ही, वरचा अर्धा तसाच राहिला. नुसता तुझा चेहरा आणि खाली भिंत. मी भिजवत बसले, खरवडत बसले, नखं सोलली. तेवढ्यात कुणीतरी माझाच फोटो काढला.

सोमवारी मेमो मिळाला. शासकीय मालमत्तेची नासधूस. आता मला जनजागृती विभागातून काढून आवक-जावकच्या टेबलावर बसवलंय. दिवसभर आलेली पाकिटं फोडायची, क्रमांक टाकायचा, पुढे पाठवायचं. साखरेचा डबा होण्यापेक्षा बरं आहे.

वहिनीने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. मला ठाऊक आहे. आज जमत नाही.

धाकटी


२१ मार्च

दादा,

आज रजा टाकली आहे. दाराला आतून कडी लावली आहे. हे पत्र लिहून पेटीत टाकल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवलंय.

सहा वर्षं कुठून आली, ते तुला माहीत आहे. वहिनीला नसेल, पण तू पोस्टर पाहिलंस त्याच क्षणी तुला कळलं असणार. तू माणसाच्या पाठीकडे बघून माप सांगणारा. फोटो लावला म्हणून तू बोलणं बंद केलं नाहीस. मी मात्र तीन पत्रं फोटोबद्दलच लिहिली.

सहा वर्षांपूर्वी मार्चमध्ये आमच्याकडे बोटातल्या थेंबावर शुगर मोजायची नवी यंत्रं आली होती. अर्धा दिवस शिकवलं. घरी न्या, दहा जणांवर हात बसवा, म्हणाले. मी पहिलं बोट तुझं धरलं. तू कापड कापत होतास. उजव्या हातातली कात्री खाली न ठेवता डावा हात पुढे केलास. "टोच," म्हणालास, "आयुष्य सुयांत गेलं, मला काय सांगतेस."

यंत्रावर तीनशे अठरा आलं.

तू विचारलंस, "किती आहे?"

मी म्हणाले, "थोडी जास्त दाखवतंय. नवीन मशीन आहे, भरवसा नाही. कधीतरी दवाखान्यात बघून घे."

"काळजीसारखं आहे का?"

"छे."

तू परत कापायला लागलास.

मला त्या आकड्याचा अर्थ कळत होता, दादा. अर्धा दिवस शिकवलं असलं तरी तेवढं नक्कीच कळत होतं. आकडा कसा सांगावा, माणूस घाबरला तर काय करावं, हे कुणी शिकवलं नव्हतं, हे खरं आहे. पण ते कारण नव्हे.

कारण असं. त्याच्या दोन दिवस आधी मला मुख्य कार्यालयाची ऑर्डर मिळाली होती. आठ दिवसांत हजर व्हायचं होतं, नाहीतर खालच्या नावाला संधी. वहिनीला सातवा महिना होता आणि डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठू नको सांगितलं होतं. घर तू ओढत होतास. तू आजारी निघालास तर तुम्हा दोघांचं करायला कुणीतरी हवं होतं, आणि ते कुणीतरी म्हणजे मी. आपल्याला तिसरं होतं कोण?

मी यंत्र डब्यात ठेवलं आणि बॅग भरायला घेतली.

पुढे फोन करून सांगेन असं मनाशी म्हटलं होतं. दुसऱ्या महिन्यात भिंगरी झाली, त्या आनंदात कशाला. मग वाटलं, एव्हाना त्याने तपासून घेतलं असेल. मग तू तपासलं नाहीस हे मला समजलं, आणि तोवर इतके दिवस झाले होते की आता सांगायचं म्हणजे तेव्हा का नाही सांगितलं तेही सांगावं लागणार. दर वर्षी ते सांगणं आणखी जड होत गेलं.

आणि मी बघत होते रे. तुझ्या पँटी कमरेत सैल व्हायला लागल्या, तू स्वतःच त्या उसवून आत घेतल्यास. मशीनशेजारी पाण्याची बाटली आली, मग दोन झाल्या. जेवताना दोनदा उठायला लागलास. पाय झोपल्यासारखा वाटतो म्हणायचास, वहिनी म्हणायची दिवसभर पायडल मारून. मी आदल्याच दिवशी एखाद्या सभागृहात फळ्यावर लिहून आलेली असायची: वारंवार तहान, वजन घटणे, पायाला मुंग्या. दोनशे लोकांना ओरडून सांगायची. आणि तुझ्यासमोर बसून चहा प्यायची.

मागच्या ऑगस्टमध्ये टाचणी तळव्यात गेली आणि तू चार दिवस ती घेऊन चाललास. तुला कळलंच नाही. वहिनीला मोज्यावर डाग दिसला तेव्हा कळलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी तुला विचारलं, "आधी कधी शुगर तपासली होती?" तू काय म्हणालास आठवतं? "बहिणीने एकदा पाहिली होती, तसं काही निघालं नव्हतं. ती याच खात्यात आहे ना." आणि माझ्याकडे हात केलास. ओळख करून दिल्यासारखा. कौतुकाने. मी तुझ्या पायथ्याशी उभी होते. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान डोलावली. त्यांनी लिहिलं, आत्ताच आढळला.

आणि त्या बोलणाऱ्या तोंडाला काळं फासावं तसं मी चार महिन्यांनी तुझ्याच फोटोखाली लिहिलं, "सहा वर्षं दुर्लक्ष केलं. आज पाय नाही. तुम्ही दुर्लक्ष करू नका." वाक्य माझं आहे. साहेबांनी "बरीच वर्षं" लिहा म्हटलं होतं. मी सहा लिहिलं. का लिहिलं? पकडलं जावं असं मनात होतं म्हणावं तर मी जरा बरी ठरते, पण तसं आठवत नाही. हातातून गेलं. खरी गोष्ट आत इतकी वर्षं बसलेली होती, ती पहिली फट दिसताच बाहेर आली असेल.

दुर्लक्ष तू केलं नाहीस. तू मला विचारलंस, मी "छे" म्हणाले, आणि तू माझ्यावर विश्वास ठेवलास. दुर्लक्ष मी केलं.

माफी मागत नाही. ती मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. 

हे वहिनीलाही वाचून दाखव.

तुझी बहीण


१८ एप्रिल

दादा,

तुझा अर्ज मिळाला.

रजिस्टर पोस्टाने आला आणि तो फोडायला टेबलावर मीच होते. पाकिटावरचं अक्षर पाहूनच ओळखलं, मापांच्या वहीतलं, प्रत्येक अक्षर ताठ उभं. क्षणभर वाटलं, पत्राचं उत्तर आलं. मग वर "माननीय संचालक" दिसलं.

विषय: आपल्या एका कर्मचाऱ्याविरुद्ध तक्रार. मग माझं नाव, पद, आणि कंसात "सदर कर्मचारी माझी सख्खी बहीण आहे."

मी तो उभ्यानेच वाचला. तू सगळं लिहिलंस. तीनशे अठरा लिहिलंस. सहीचं लिहिलंस. आणि पुढे, "पोस्टर काढू नये. फोटो माझा आहे, तो राहू द्यावा, कारण तो पाहून लोक तपासायला जात आहेत असे समजते. परंतु त्याखालील वाक्य खोटे आहे. मी दुर्लक्ष केले नाही, मला आकडा सांगितला नाही. वाक्य बदलावे." आणि सर्वांत शेवटी, "यंत्रे वाटताना आकडा कसा सांगायचा हे शिकवले गेले नव्हते, असे बहीण लिहिते. ते यापुढे सर्वांना शिकवावे. तिचे वय तेव्हा सत्तावीस होते."

हे शेवटचं वाक्य तू का लिहिलंस, दादा? अर्जात त्याची गरज नव्हती.

आता एक गोष्ट सांगते, कारण लपवायचं नाही असं ठरलंय. खुर्चीत बसेपर्यंत माझ्या मनात आलं की हा कागद माझ्या हातात आहे, अजून कुणी पाहिलेला नाही, आणि या ऑफिसात कागद हरवणं काही नवलाचं नाही. आलं मनात. खळीच्या बाटलीचं झाकण उघडेपर्यंत होतं. मग मी क्रमांक टाकला. आवक चारशे बारा. साहेबांच्या टेबलावर स्वतः नेऊन ठेवला आणि म्हटलं, "माझ्याविरुद्ध आहे, पोच द्या."

साहेबांनी वाचला. या वेळी चष्मा काढला नाही. "घरातलं भांडण ऑफिसात कशाला आणता?" म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, ऑफिसातलं घरात नेलं मी. आता परत आणलंय."

चौकशी लागेल. तुला बोलावणं येईल. दुसरा मजला आहे आणि लिफ्ट बंद आहे, महिनाभर चालू होईल असं वाटत नाही. तुझं म्हणणं खाली येऊन नोंदवून घ्या, असा अर्ज मी दिलाय.

बहीण


३ जून

दादा,

तू सांगितलंस तसं हे शेवटचं पत्र. पत्र आलं की दिवसभर शिवण चुकते म्हणालास, मागच्या वेळी एका माणसाच्या शर्टाला दोन्ही डाव्याच बाह्या लावल्यास. मी हसले तेव्हा तू हसला नाहीस. बरोबर आहे.

चौकशीच्या दिवशीचं सगळं तुला माहीतच आहे, तरी माझ्या बाजूने लिहून ठेवते. समिती खाली यायला तयार होती, पण तू म्हणालास, मी वर येतो. नवा पाय लावून फक्त तीन आठवडे झाले होते. मी जिन्याच्या वरच्या टोकाला उभी होते. सव्वीस पायऱ्या आहेत. तेराव्या पायरीवर तू कठड्याला टेकलास, मी तुझ्यापर्यंत खाली उतरले, हात पुढे केला. तू म्हणालास, "बाजूला हो." मी झाले. तू माझ्या अंगावरून वर गेलास. शर्टाची पाठ घामाने भिजली होती.

मग शिपायाने आपल्याला एकाच बाकावर बसवलं, कारण बाहेर बाकच एक आहे. तक्रारदार आणि जिच्याविरुद्ध तक्रार ती, मध्ये तुझी पिशवी.

घाम पुसून तू म्हणालास, "तुला जायचं होतं तर सांगायचं. मी अडवलं असतं का?"

"नाही."

"मग?"

"तू जा म्हणाला असतास, दादा. 'माझं मी बघतो, तू नोकरी सोडू नकोस,' असंच म्हणाला असतास. आणि मी गेले असते. तुझे तीनशे अठरा माहीत असताना, सगळ्यांना माहीत असताना. तशी बहीण मला व्हायचं नव्हतं. म्हणून कुणालाच कळू दिलं नाही."

हे मला पत्रातही लिहिता आलं नव्हतं. तिथे बसेपर्यंत मलाच नीट दिसलं नव्हतं.

तू पिशवी मांडीवर घेतलीस. मग म्हणालास, "गेली असतीस तरी चाललं असतं. मी गोळ्या घेतल्या असत्या. पाय असता." असं साधं म्हणालास, जसं गिऱ्हाइकाला सांगतोस की एवढं कापड आणलं असतं तर बाही पूर्ण झाली असती. मला वाटलं होतं तू ओरडशील. ओरडला असतास तर मी सहन केलं असतं.

मग समितीने आपल्याला आत बोलावलं. मी म्हणाले, अर्जातला शब्द न् शब्द खरा आहे, फक्त माझ्या वयाचं वाक्य माझ्या बाजूने धरू नका. समितीतल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "असे आणखी किती जण असतील, ज्यांना आकडा सांगितला नाही?" साहेब म्हणाले, अशी नोंद ठेवलेली नाही. त्यावर त्या बाई बराच वेळ लिहीत होत्या.

बाहेर आल्यावर तू पिशवीतून लघवीच्या आणि रक्ताच्या तपासणीचा कागद काढलास. "डॉक्टर घाईत होते. वाच. पूर्ण सांग." मी वाचला. मी सांगितलं, मूत्रपिंडाला त्रास सुरू झालाय. लघवीतून प्रथिनं जातायत, दीडपट-दुप्पट नाही, बरीच जास्त. थांबवता येतं, मागे नेता येत नाही. डोळ्यांची तपासणी झालेलीच नाही, ती या महिन्यात करावीच लागेल, आणि तिथेही काही निघण्याची शक्यता आहे. तू लघवीचा आणि रक्ताचा, दोन्ही आकडे मापांच्या वहीत लिहून घेतलेस. वहिनीला फोन लावून तिलाही सांगितलेस. मग म्हणालास, "घरी बोलवत नाही अजून. मला जमणार नाही. भिंगरी विचारते, तिला सांगतो आत्याला काम आहे." आणि पत्रांचं सांगितलंस. आणि उतरायला लागलास. चढण्यापेक्षा उतरताना जास्त कठीण जात होतं. मी वरूनच बघत राहिले.

निकाल आला. मला खालच्या पदावर आणलंय आणि इथल्या आरोग्य केंद्रावर पाठवलंय. एक खोली, एक टेबल, वजनकाटा आणि तपासणीचं यंत्र. पोस्टर नवीन छापलं. "मला आकडा सांगितला नाही" हे त्यांनी गाळलं, खात्याची बदनामी होते म्हणून. "आपला आकडा विचारा, लिहून ठेवा" एवढं राहिलं. अर्धंच आहे. मी हरकतीचा अर्ज दिलाय, तूही एक दे. डॉक्टरबाईंनी मात्र त्यांचं काम केलं: आता यंत्राबरोबर दोन दिवसांचं शिक्षण आहे, त्यातला एक अख्खा दिवस नुसतं कसं सांगायचं याचा. पहिल्या तुकडीत मी होते. सगळ्यांत वयाने मोठी.

शुक्रवारी इथल्या धुलाईच्या कारखान्यातली एक बाई आली. पस्तिशीची असेल. दोनशे नव्वद. मी खुर्ची तिच्याजवळ ओढली, आकडा सांगितला, तो कागदावर लिहून दिला, त्याचा अर्थ सांगितला, उद्या उपाशीपोटी परत यायला सांगितलं. ती म्हणाली, "तुमचं मशीन बिघडलंय." मी म्हटलं, नाही बिघडलेलं. ती म्हणाली, "दोन पोरं आहेत माझी, मला आजारी पडायला वेळ नाही," कागद टेबलावर तसाच टाकला, आणि दार आपटून निघून गेली. शनिवारी आली नाही. काल आली नाही.

तिचा पत्ता नोंदवहीत आहे. कारखान्याची पाळी आठला सुरू होते, म्हणजे ती साडेसातला घर सोडत असणार. आत्ता पावणेसात झालेत. दादा, इथेच थांबते. ती निघायच्या आत मला तिच्या दाराशी पोचायला हवं.

बहीण